घरातल्या वृद्धांना भूक लागेनाशी झाली की काय करावं

माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना माई म्हणतो. घर इंदूरला, रामबागेत. मागच्या गणपतीत त्यांनी नैवेद्याचा मोदक हातात घेतला, कडेने मोडला, तुपाचं बोट चाटलं आणि उरलेला ताटलीत ठेवून दिला. "पोट भरलं गं," म्हणाल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात एक कप चहा आणि दोन चमचे पोहे एवढंच गेलं होतं. एके काळी सात-आठ मोदकांवर पुरणाची वाटी संपवणारी ही बाई.

मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. जठराच्या अस्तराचे तांदळाएवढे तुकडे मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर त्यांचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं रोजचं काम. इतक्या लोकांचं पोट काचेवर पाहूनही माईंच्या ताटात उरलेल्या अन्नाचा आणि त्या काचेचा संबंध माझ्या लक्षात यायला सहा महिने गेले. तोवर मी त्यांना "नखरे करू नका" म्हणाले, "एवढं तरी संपवा" म्हणून ताटासमोर बसवून ठेवलं. ते माझं चुकलं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुमचे सहा महिने वाया जाऊ नयेत, म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते.

पोटाच्या अस्तरात भुकेचं खातं असतं

जठर म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी, असं आपण धरून चालतो. पण त्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशी हार्मोन तयार करतात. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या ओळखू येत नाहीत. आम्ही क्रोमोग्रॅनिन नावाचा खास रंग करायचो. त्यात सगळं अस्तर फिकट निळं दिसतं आणि मधेच एखादी पेशी तपकिरी उमटते, पांढऱ्या पोह्यांत मोहरी दिसावी तशी. शेकड्यात एखादीच असते, पण सबंध पोटाचं वेळापत्रक तिच्यासारख्यांच्या हातात असतं.

जठराच्या खालच्या टोकाला, जिथून अन्न आतड्यात जातं, तिथे जी-पेशी असतात. सुरईसारख्या दिसतात. पोट खाली, मान वर, आणि मानेचं तोंड थेट जठराच्या पोकळीत उघडं. त्या तोंडाने पेशी आलेलं अन्न चाखते म्हणा ना. प्रथिनाचे तुकडे लागले की ती गॅस्ट्रिन सोडते. हे गॅस्ट्रिन १९०५ मध्ये इंग्लंडच्या जॉन एडकिन्स यांनी सांगितलं, पण कितीतरी वर्षं लोकांनी ते मानलं नाही. शेवटी १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी ते शुद्ध करून त्याची रचनाच दाखवली. गॅस्ट्रिन रक्तातून वरच्या भागात जातं. तिथल्या ईसीएल पेशी त्याच्या सांगण्यावरून हिस्टामिन सोडतात आणि मग आम्ल सुटतं. आम्ल पुरेसं झालं की डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून जी-पेशींना थांबवतात. डी-पेशींना लांब हातासारखे धागे असतात, ते शेजारच्या पेशींपर्यंत पोचतात. चांगला रंग उतरलेल्या स्लाइडवर ते धागे दिसले की मी काम थांबवून दोन मिनिटं बघत बसायची.

भुकेची पेशी मात्र वेगळी. ती जठराच्या वरच्या भागात जास्त असते, घ्रेलिन बनवते, आणि तिला पोकळीकडे तोंडच नसतं. ती अन्न चाखत नाही, रक्ताकडे बघून काम करते. घ्रेलिन १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. २८ अमिनो आम्लांची साखळी, आणि तिसऱ्या मण्याला आठ कार्बनचं एक स्निग्धाम्ल चिकटलेलं. ते चिकटलेलं असेल तरच मेंदूला भुकेचा निरोप पोचतो. जेवायच्या आधी घ्रेलिन वाढतं, जेवलं की उतरतं. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की ज्या वेळी रोज जेवायची सवय असते, त्या वेळेच्या आधी ते वाढायला लागतं.

वय झालं की काय बदलतं

नुसत्या वयाने या सगळ्या पेशी मरून जात नाहीत. निरोगी म्हाताऱ्याचं जठर पुष्कळदा तरुणासारखंच आम्ल करतं. बिघाड होतो तो अस्तर विरळ होण्यामुळे, आणि त्याची दोन मोठी कारणं आहेत. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. पर्थच्या वॉरन आणि मार्शल यांनी तो १९८२ मध्ये वेगळा काढला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे तो लहानपणीच पोटात शिरतो आणि उपचार झाला नाही तर जन्मभर तिथेच राहतो. साठ-सत्तर वर्षांची ती सूज अस्तरातल्या ग्रंथी हळूहळू पुसून टाकते. दुसरं कारण, शरीराने स्वतःच्याच आम्लपेशींवर हल्ला करणं. हे कमी लोकांत होतं, पण वयाबरोबर वाढतं.

ग्रंथी गेल्या की त्यांच्यासोबत घ्रेलिनच्या पेशीही कमी होतात. आम्ल घटतं. आम्लच नसेल तर डी-पेशी थांबवणार कशाच्या आधारावर? मग जी-पेशी गॅस्ट्रिन ओततच राहतात. ते जास्तीचं गॅस्ट्रिन ईसीएल पेशींना वाढायला लावतं. म्हणजे एकाच पोटात भुकेच्या पेशी विरळ आणि आम्लाची हाक देणाऱ्या पेशी दाट, असा उलटा प्रकार होतो. त्यात पोटाचा वरचा भाग वयाने कमी सैल पडतो, अन्न लवकर खाली उतरून तिथे ताण देतं, आणि चार घासांत "भरलं" वाटतं. आतड्यातून येणारं, पोट भरल्याचा निरोप देणारं सीसीके हे हार्मोन वृद्धांत जास्त आढळतं. भुकेचा निरोप क्षीण, तृप्तीचा जोरात.

हे समजलं तेव्हा मी माईंच्या खोलीत जाऊन त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते ना, लागतच नाही." खरंच सांगत होत्या.

पहिलं काम: वजन आणि वही

औषध, टॉनिक, कुणाचा सल्ला, यातलं काहीही करण्याआधी वजनकाटा आणा. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन घ्या. साडी असेल तर साडी, नऊवारी असेल तर त्याचाही फरक पडतो. तारखेसकट लिहा. माईंचं वजन मागच्या फेब्रुवारीत एका जुन्या चिठ्ठीवर ४६.२ किलो होतं, सप्टेंबरात ४३.१ भरलं. तीन किलो म्हणजे काही फार नाही, असं घरात सगळे म्हणाले. पण हिशोब करा, ते पावणेसात टक्के आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन गेलं तर ते डॉक्टरांना दाखवायचं वजन असतं. ४० किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो. बांगड्या ढिल्या होणं, ब्लाउज खांद्यावरून उतरणं, कवळी हलायला लागणं, याही खुणा वहीत लिहा.

मग एक आठवडा त्या काय खातात ते लिहा. जे वाढलं ते लिहायचं नाही, जे पोटात गेलं ते लिहायचं. मी ताट धुवायला टाकण्याआधी बघायची आणि लिहायची: "पोळी पाव, वरण अर्धी वाटी, भाजी नाही, ताक पूर्ण." वेळ लिहायची. आठव्या दिवशी वही उघडली तर दोन गोष्टी समोर आल्या. माई सकाळी साडेसात ते अकराच्या मधे सगळ्यात नीट खात होत्या आणि रात्री जवळजवळ काहीच नाही. आणि दुसरं, त्या आठवड्यात गुरुवार होता, एकादशी होती. दोन दिवस नुसता चहा आणि एक केळं.

उपास

यावर थोडं थांबते, कारण आपल्या घरांत हे कुणी हिशोबात धरत नाही. महिन्यात चार गुरुवार, दोन एकादश्या, एक संकष्टी. सात दिवस. श्रावणात सोमवारही. चाळिशीतल्या बाईला हे झेपतं, दुसऱ्या दिवशी ती दुप्पट जेवून भरून काढते. ज्यांचा भुकेचा निरोपच क्षीण झालाय त्या भरून काढत नाहीत, त्यांचा गेलेला दिवस गेलाच. संकष्टीला तर चंद्रोदयापर्यंत थांबायचं, आणि रात्री साडेनऊला माईंचं पोट काही घ्यायला तयारच नसतं.

"उपास सोडा" म्हणून सांगू नका. आम्ही म्हणून पाहिलं, दोन दिवस अबोला झाला. त्यांचं साठ वर्षांचं व्रत आहे, ते त्यांचंच आहे. आम्ही उपासाचं ताट बदललं. सकाळी राजगिऱ्याची लापशी दुधात, अकराला दाण्याची आमटी आणि वरीचे तांदूळ, चारला दही-बटाटा, संध्याकाळी साजूक तुपातला शिंगाड्याचा शिरा छोटी वाटी. साबुदाणा नुसता नको, त्यात पिष्ट सोडून फारसं काही नसतं, दाण्याचं कूट भरपूर हवं. संकष्टीला त्या आता दिवसभर फराळ करतात आणि चंद्राला अर्घ्य देऊन दोन घास मोदकाचे खातात. हे आमच्या उपाध्यायांनीच त्यांना समजावलं. माझं ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं. तुमच्याकडे ज्यांचा शब्द चालतो त्यांना मधे घ्या.

गोळ्यांचा डबा पलंगावर ओता

सगळ्या गोळ्या, चूर्णं, मलमंसुद्धा, एका चादरीवर काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: कशासाठी, कधीपासून, कुणी दिली. साखरेसाठीचं मेटफॉर्मिन, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, ही सगळी भूक मारू शकतात किंवा मळमळ करतात.

माईंच्या डब्यात सकाळी उपाशीपोटी घ्यायची गॅसची गोळी होती, पॅन्टोप्राझोल. चार वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी वेदनाशामक सुरू झालं तेव्हा पोटाला त्रास नको म्हणून ती सोबत दिली होती. वेदनाशामक तीन आठवड्यांत बंद झालं. ही चालूच राहिली. त्यानंतर दोन ठिकाणी चिठ्ठ्या बदलल्या, दोन्हीकडे ती तशीच उतरवली गेली, आणि दर महिन्याला दुकानातून आणत होते मीच. चार वर्षं कुणीही "ही का?" असं विचारलं नाही.

ही गोळी वाईट नाही. व्रण असेल, रक्तस्राव होऊन गेला असेल, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ती जीव वाचवते आणि तिला हात लावायचा नाही. पण आम्ल दाबलं की गॅस्ट्रिन वाढतं, वर सांगितलं त्याच कारणाने. बरीच वर्षं घेतली तर अन्नातलं बी-१२ कमी मिळतं. आणि एकदम बंद केली तर त्या दाट झालेल्या ईसीएल पेशी जोरात आम्ल सोडायला लावतात, छाती जळते, आणि माणूस समजतो की गोळीशिवाय चालणारच नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून, डोस कमी करत करत थांबवायची. आपल्या मनाने नाही.

तपासण्या कुठल्या मागायच्या

मागायच्या म्हणते, कारण "वय झालं, चालायचंच" हे वाक्य आम्ही एका दवाखान्यात ऐकलं आणि परत आलो. दुसऱ्या डॉक्टरांकडे वही घेऊन गेले, तारखांसकट वजनं दाखवली, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. वहीचा उपयोग हा असा होतो.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड, साखर, किडनी आणि लिव्हर, एवढं आधी. बी-१२ चं खास सांगते. ते अन्नातून सोडवायला आम्ल लागतं, आणि पुढे आतड्यात शोषून घ्यायला जठरातल्या त्याच आम्लपेशींनी बनवलेलं एक प्रथिन लागतं. अस्तर विरळ झालं की दोन्ही तुटतात. त्यात आपण शाकाहारी. माईंचं बी-१२ ११२ आलं, मापदंडाच्या बरंच खाली. पाय बधिर होणं, तोल जाणं, जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, विसरभोळेपणा, हे सगळं आम्ही म्हातारपणाच्या खात्यात टाकलं होतं.

हेलिकोबॅक्टरसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी होते. आधी दोन आठवडे गॅसची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक घेतलेलं नको, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट कोरा येतो. रक्तातल्या अँटिबॉडीवर विसंबू नका, ती जुन्या संसर्गानंतरही राहते. गॅस्ट्रिन आणि क्रोमोग्रॅनिन-ए या रक्ततपासण्याही गोळी चालू असताना फुगून येतात. लॅबमध्ये असताना असे घाबरून आलेले लोक मी पाहिलेत. आकडा चारपट, घरात रडारड, आणि कारण निघायचं रोजची एक गोळी. नमुना देताना काय काय चालू आहे ते सांगा, लॅबवाल्याने विचारलं नाही तरी.

माईंना अशक्तपणा होता आणि वजनही घटलं होतं, म्हणून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघायचं ठरलं. घशात फवारा मारून, हलकी गुंगी देऊन दहा मिनिटांत झालं. एक सुचवते: तुकडे खालच्या आणि वरच्या भागांतून वेगवेगळे, वेगळ्या बाटल्यांत घ्यायला डॉक्टरांना विनंती करा. साधारण पाच तुकडे घ्यायची पद्धत आहे. खालचे दोन, वळणावरचा एक, वरचे दोन. सगळे एकाच बाटलीत पडले तर कुठला भाग विरळ झालाय ते काचेवर नीट सांगता येत नाही. मी हे तीन दशकं भोगलंय.

माझ्या जुन्या मॅडमनी मला माईंची स्लाइड दाखवली. वरच्या भागाचा तुकडा. जिथे ग्रंथी दाटीवाटीने उभ्या असायला हव्यात, तिथे मोकळी जागा, आणि मधेच आतड्यासारख्या दिसणाऱ्या पेशींचं बेट. तपकिरी पेशी सुट्या सुट्या नव्हत्या, पाच-सहा एका रांगेत चिकटून बसल्या होत्या. गिम्सा रंगात जिवाणूही सापडले, श्लेष्मात स्वल्पविरामासारखे. हजारदा पाहिलेलं चित्र होतं, पण त्या दिवशी बारीक स्क्रू फिरवताना माझा हात थरथरला.

रिपोर्टमधले शब्द बघून घाबरू नका. अ‍ॅट्रोफी म्हणजे ग्रंथी विरळ झाल्यात. इंटेस्टाइनल मेटाप्लासिया म्हणजे जठराच्या अस्तराने आतड्याचं रूप घेतलंय. तो कर्करोग नाही, पण किती भागात आहे यावर लक्ष ठेवायचं. ईसीएल हायपरप्लासिया म्हणजे त्या पेशी रांगा किंवा छोटे पुंजके करताहेत. पुंजका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा झाला की त्याला गाठ म्हणतात, आणि जास्त गॅस्ट्रिनमुळे होणाऱ्या अशा गाठी बहुतेक सौम्य चालीच्या असतात. पुढचं डॉक्टर सांगतील.

ताट कसं वाढायचं

उपचार झाले. जिवाणूसाठी १४ दिवसांचा कोर्स झाला. तो पहिल्या चार दिवसांत तोंड कडू करतो, पण मधे सोडू नका. संपल्यावर चार आठवडे थांबून पुन्हा श्वासाची तपासणी केली. बी-१२ ची आधी इंजेक्शनं, आता रोज एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी. एवढ्या मोठ्या डोसात थोडं बी-१२ त्या प्रथिनाशिवायही शोषलं जातं. पण गेलेल्या ग्रंथी पूर्ण परत येत नाहीत. म्हणून ताट बदलणं हे कायमचं काम आहे.

"भूक लागली की सांगा" हे वाक्य आमच्या घरातून काढून टाकलं. भूक सांगणारीच गेलीय, ती सांगेल कशी? घड्याळाने वाढतो. साडेसात, साडेदहा, एक, साडेचार, साडेसात. रोज तीच वेळ, लग्नकार्यातसुद्धा. तीनेक आठवड्यांनी माई साडेदहाच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहायला लागल्या. उरलेल्या पेशींना वेळ पाठ झाली असावी, असं मला वाटतं.

मुख्य जेवण सकाळी. वहीने दाखवलं होतं ना, सकाळी त्या नीट खातात. म्हणून भरीव ते सगळं साडेसात आणि साडेदहाला, रात्री फक्त मऊ भात-वरण-तूप किंवा दुधातली दलिया. इंदूरच्या घरात सकाळचे पोहे सुटत नाहीत, तर पोह्यांतच भर घाला. अख्खे दाणे कवळीत अडकतात, म्हणून मी भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट आणि किसलेलं पनीर घालते, वरून लिंबू आणि चिमूटभर जीरावन, म्हणजे पोह्यांवर घालायचा आमचा इंदुरी मसाला. वास आणि चव दोन्ही वयाने बोथट होतात, त्यामुळे फिकं आजारी माणसाचं जेवण देऊन भूक आणखी मरते. लिंबाचा दुसरा फायदा असा की पोटात आम्ल कमी असताना धान्या-भाज्यांतलं लोह शोषायला त्याची मदत होते. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब.

प्रथिनं किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, किडनीचा आजार नसेल तर. माईंच्या वजनाला साधारण ४५ ते ५० ग्रॅम. शाकाहारात ते असं जमतं: दोन पेले दूध १३, घट्ट वरण वाटीभर ७, दही वाटीभर ५, पनीर ५० ग्रॅम ९, दोन पोळ्या ६, दाण्याचं कूट तीन चमचे ४, आणि उरलेलं भात-पोह्यांत. अंडं चालत असेल तर एका अंड्यात ६, काम सोपं होतं. पोळीच्या कणकेत दोन चमचे सत्तू मळा, कुणाला कळत नाही. आणि पहिला घास वरणाचा किंवा दह्याचा द्या. जी-पेशीचं ते उघडं तोंड प्रथिनालाच प्रतिसाद देतं.

ताटली लहान घ्या. मोठ्या ताटात भरलेला डोंगर बघूनच माईंचा घास अडायचा. आता वाटीएवढं वाढते, संपलं की चमचाभर आणखी. प्रत्येक वाटीवर चमचाभर साजूक तूप. जागा न वाढवता उष्मांक वाढतात. जेवणाआधी पाणी, सूप, ताक नको, ते जागा अडवतं. दूध, सातूचं पातळ, खीर, हे दोन जेवणांच्या मधे, पुढच्या जेवणाच्या किमान तास-दीड तास आधी. तहानही वयाने कमी लागते, म्हणून पाण्याची बाटली वेगळी भरून ठेवा आणि संध्याकाळी किती उरलं ते बघा.

आणि एकटं जेवायला बसवू नका. माईंचं ताट त्यांच्या खोलीत जायचं, टीव्हीसमोर. आता साडेदहाला मी माझा चहा घेऊन त्यांच्यापुढे बसते, नातू घरी असला की तोही. त्याच्या हातून त्या जिलबीचा एक वेढा हमखास घेतात. जेवणाआधी अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या, आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. स्नायू गेले की खाल्लेलं चरबीतच जातं.

थांबायचं नाही अशी लक्षणं

काळी डांबरासारखी शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, घास गिळताना अडकणं, सतत उलट्या, महिन्याभरात झपाट्याने उतरलेलं वजन, पोटात हाताला लागणारी गाठ, किंवा दोन दिवस काहीच न खाणं. यात वही भरत बसू नका, त्याच दिवशी घेऊन जा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

मन उदास असलं तरीही भूक जाते. आमच्या शेजारच्या आजोबांची सगळी तपासणी नीट आली. आजी गेल्यापासून ते जेवत नव्हते, एवढंच. त्यांच्या मुलाला मी म्हटलं, गोळ्यांआधी त्यांना रोज कुणाबरोबर तरी बसव. मग मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडेही नेलं त्याने.

माईंचं वजन काल ४४.६ भरलं. आठ महिन्यांत दीड किलो. पुन्हा एंडोस्कोपी करायची या वयात गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. दर तीन महिन्यांनी वजन आणि हिमोग्लोबिन, वर्षाने बी-१२. वही अजून चालू आहे. कालच्या पानावर लिहिलंय: "१०.३०, पोहे पूर्ण, दही पूर्ण. वर स्वतः मागून अर्धा पेढा."